बाकीचे जेवाले गेले

आमच्या बँडचं नाव इंग्रजी होतं आणि इतकं भयंकर होतं, की आज नातवंडांसमोर ते उच्चारायची माझी हिंमत होत नाही. तेव्हा मात्र त्या नावावर आमचा जीव होता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. इंग्रजी गाणी वाजवणारी पोरं तेव्हा नागपुरात फार नव्हती, आणि होती त्यांत सगळ्यांत बेसूर आम्ही. हे मी विनयाने म्हणत नाही. शेजारी म्हणायचे.

आम्ही तिघं होतो. गिटारवाला वकिलाचा मुलगा. त्यांचा सदर भागात बंगला आणि बंगल्याला गॅरेज. वकीलसाहेबांची मोटार उन्हात उभी राहायची आणि आम्ही तिच्या जागेवर सावलीत वाजवायचो. गायक रेल्वेच्या गार्डचा मुलगा. आपल्याला इंग्रजी येतं असा त्याचा समज होता, आणि तो तपासण्याइतकं इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं. तिसरा मी, पाचपावलीच्या कोष्ट्याचा धाकटा मुलगा, ड्रमवाला. माझा ड्रम म्हणजे मोडीत निघालेल्या एका लग्नाच्या बँडचा मोठा ढोल. तो जमिनीवर उभा करून, बाबांच्या पडून असलेल्या मागाची पायाने दाबायची पट्टी त्याला जोडली होती. पाय मारला की धाडकन आवाज व्हायचा. बाबांना ढोलाचा राग कमी आणि त्या पट्टीचा जास्त होता.

बाबा आमच्या बँडला बँड म्हणतच नसत. ‘ढणढण’ म्हणत. ‘‘ढणढण करून आला का?’’ हा रोजचा प्रश्न. मोठा भाऊ माग सोडून हिंगण्याच्या कंपनीत लागला होता. डबा घेऊन तो पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि परत आला की भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. मॅट्रिकला मी दिवे लावल्यावर बाबांनी मला समोर बसवलं.

‘‘हे पाय, या उन्हाळ्यात एका तरी शहाण्या माणसानं सोताच्या पायानं येऊन तुमाले वाजवाले बोलावलं, त मी काही म्हणत नाही. नाही बोलावलं, त शाळा उघडली की तू भावासंगं हिंगण्याले.’’

मला हिंगण्याची भीती वाटायची. भावाच्या चेहऱ्याकडे बघून वाटायची. म्हणून आम्ही जाहिरात करायचं ठरवलं. गॅरेजच्या दारावर बँडचं नाव लिहायला एक पेंटर आणला. त्याने आयुष्यभर वरातीच्या बँडांच्याच पाट्या रंगवल्या होत्या. आमचं इंग्रजी नाव त्याने जमेल तसं देवनागरीत काढलं, पुढे ठसठशीत ‘बँड’ लिहिलं, आणि पाटी रिकामी दिसते म्हणून स्वतःच्या मनाने एक पिपाणी काढून खाली लिहून टाकलं, ‘लग्न, वरात व सर्व शुभकार्यांकरिता भेटा’. आम्ही पोट धरधरून हसलो आणि ते तसंच राहू दिलं. अक्कल असती तर पुसलं असतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी धोतर, टोपी आणि हातात छत्री असे एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पारशिवनीकडचे होते, लग्नाचा बस्ता घ्यायला नागपुरात आले होते. त्यांनी पाटी दोनदा वाचली, मग आत वाकून बघितलं. आत आम्ही तिघं घामाने निथळत बसलेलो.

‘‘तुमीच बँडवाले आहा का जी?’’

‘‘हो,’’ गिटारवाला म्हणाला.

‘‘पोराचं लगन आहे. शहरातलाच बँड पाह्यजे म्हणते. किती जण आहा?’’

‘‘तीन.’’

‘‘तीनच? अन् बाकीचे?’’

गिटारवाला वकिलाचा मुलगा. त्याने पापणीही न हलवता सांगितलं, ‘‘बाकीचे जेवाले गेले.’’

म्हाताऱ्यांचं समाधान झालं. ढोलाजवळ मी बसलो होतो, म्हणून मुख्य मीच असणार असं त्यांनी ठरवलं. कनवटीची सुपारी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. ‘‘घ्या मास्तर.’’

मॅट्रिक नापास पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर म्हटलं होतं. मी घेतली.

घरी मी छाती काढून गेलो. ‘‘बाबा, एक माणूस आला होता. सोताच्या पायानं.’’ आणि सुपारी दाखवली. बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, ‘‘कशाची?’’

‘‘लग्नाची.’’

‘‘वरातीत वाजवता येते तुमाले?’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरात चालते. आमचा बँड विजेवर चालतो. मी म्हणालो, ‘‘नाही जमणार. उद्या परत करून येतो.’’

एवढे चिडलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. ‘‘काहून घेतली मंग? सुपारी म्हंजे जबान असते. लगन मोडलं तवा वापस होते सुपारी. त्या माणसाचं लगन मोडाचं आहे का तुले?’’ त्यांनी सुपारी आपल्या पानाच्या डब्यात, अडकित्त्याशेजारी ठेवली. ‘‘काम झाल्याबिगर ही फुटत नाही. जा लागते. अन् मीबी येतो, तुमचा भरोसा नाही.’’

म्हणजे बघा, वर्षभर जो माणूस आमची ढणढण बंद पाडायला टपला होता, तोच आता आम्हाला एसटीत कोंबत होता. ढोल टपावर, गिटार गायकाच्या मांडीवर, जुन्या रेडिओपासून बनवलेला ॲम्प्लिफायर गिटारवाल्याच्या पोटाशी, आणि कपाळाला आठी घालून सर्वांत पुढच्या सीटवर बाबा.

गावात वीज होती ती फक्त पिठाच्या गिरणीत. गिरणी गावाच्या मध्यावर, नवऱ्याचं घर एका टोकाला आणि नवरीचा मांडव दुसऱ्या टोकाला. आम्ही गिरणीवाल्याशी गोड बोलून त्याच्याकडून वीज घेतली आणि दारातच मांडून बसलो. नवरदेव घोड्यावर चढला तरी बँडचा पत्ता नाही. म्हातारे सगळ्यांना विचारत सुटले, ‘‘बँड कुठं आहे?’’ आणि पोरं ओरडून सांगत होती, ‘‘गिरणीत आहे!’’

शेवटी वरातच बँडकडे आली. आम्ही सुरू केलं, आणि खरं सांगतो, दोन गाण्यांत आम्ही गाव डोक्यावर घेतलं. एवढा मोठा आवाज त्या लोकांनी गिरणीतूनही कधी ऐकला नव्हता. पोरं नाचली, मामे नाचले, घोडा बिथरला. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग म्हातारे पुढे आले. ‘‘चाला मास्तर, आता पुढं.’’

‘‘पुढं नाही येता येत.’’

‘‘काहून?’’

‘‘वायर संपली.’’

गोरज मुहूर्त होता. मांडवात सगळे ताटकळले होते आणि तिकडून निरोपावर निरोप येत होते. बँडशिवाय वरात नेली तर व्याह्यांसमोर मान खाली, आणि थांबली तर मुहूर्त टळणार. गर्दीतला कुणी तरी ‘वायर संपली’ म्हणून हसला आणि मग सगळेच हसायला लागले. म्हातारे हसले नाहीत. त्यांनी पोराएवढ्या माझ्यासमोर हात जोडले. ‘‘मास्तर, इज्जत आहे जी माही.’’ मला रडू आवरेना. धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत बाबा आले. त्यांनी ढोलाला लावलेली मागाची पट्टी एका झटक्यात उपटली. मला वाटलं, आता तीच माझ्या पाठीत बसते. पण त्यांनी ती काखेत मारली, खांद्यावरचा दुपट्टा काढला, ढोलाच्या जुन्या कड्यांतून ओवला आणि ढोल माझ्या गळ्यात बांधला. कोष्ट्याची गाठ ती, ओढून पाहायची गरजच नव्हती.

‘‘पायानं लय वाजवलं. हातानं वाजव आता. अन् चाल.’’

मी चाललो. गिटारवाल्याने गिटार गिरणीत ठेवली आणि बायकांकडून दोन पितळी थाळ्या घेऊन झांजांसारख्या आपटायला सुरुवात केली. गायकाला फक्त इंग्रजी गाणी येत होती, तीच त्याने पिपाणीच्या पट्टीत ओरडून म्हटली. एक म्हातारी त्याला म्हणाली, ‘‘काय म्हणून राह्यला गा, बाबू?’’ तो म्हणाला, ‘‘नवरा-नवरीले आशीर्वाद देऊन राह्यलो.’’ सगळ्यांत पुढे बाबा, काखेत पट्टी मारून, ‘‘हटा, हटा, बँड येऊन राह्यला’’ म्हणत वाट काढत होते. बँड! माझे हात सोलवटले होते, पण तो शब्द मी ऐकला.

मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट हातात धरूनच उभे होते. अक्षता पडल्या. पंक्तीत म्हातारे स्वतः आम्हाला वाढायला आले, आग्रह करकरून जिलबी वाढली, आणि मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, ‘‘मास्तर, ते जेवाले गेलेले अजून आलेच नाही का जी?’’

बाबांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बाबांनी पानाचा डबा उघडला. ती सुपारी काढली, अडकित्त्यात धरून कातरली आणि आम्हा तिघांना एकेक खांड दिलं. ‘‘खा. हक्काची आहे.’’

मी तोंडात टाकली आणि हळूच विचारलं, ‘‘बाबा, मंग हिंगण्याचं?’’

‘‘शहाण्या माणसानं बोलावलं त, म्हटलं होतं मी. तो म्हातारा शहाणा होता का?’’ त्यांनी पानाचा डबा खटकन बंद केला. ‘‘पण आला सोताच्या पायानं.’’

पुढच्या थांब्यावर एक शेतकरी चढला. टपावरचा ढोल त्याने चढतानाच पाहिला असणार. बाबांशेजारी बसत त्याने विचारलं, ‘‘कुठले गा तुमी?’’

मागाची पट्टी बाबांच्या मांडीवर होती. त्यांनी ती नीट आडवी धरली आणि म्हणाले, ‘‘नागपूरचे. बँडवाले आहो आमी.’’