आमच्या स्ट्रायकरसाठी मागवलेली तीन कोटेशनं

आमच्या फुटबॉल क्लबाचा मी सोळा वर्षं खजिनदार होतो. एवढ्या वर्षांत माझ्या वहीत एका पैशाची चूक कोणी काढून दाखवावी! फुशारकी आहे, मान्य. पुढचा सगळा घोळ तिनंच घातला, म्हणून आधीच सांगून टाकतो.

छत्तीसगढ नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि मला सरकारी खरेदी विभागात नोकरी लागली. पुढे ऑफिस नव्या रायपुरात गेलं, तरी काम तेच राहिलं. खुर्ची घ्यायची असो की झाडू, तीन कोटेशनं पाहिजेत म्हणजे पाहिजेत. दोन आली तर फाईल परत. साहेब चिडायचे, दुकानदार शिव्या घालायचे, मी ढिम्म. घरी नवा पंखा घेतानाही मी तीन दुकानं फिरलो होतो, आणि सदर बाजारच्या त्या गर्दीत बायको दिवसभर माझ्यावर करवादत होती.

कोरोना आला आणि क्लबाचं दिवाळं वाजलं. वर्गणी बंद, स्पर्धा बंद. मैदानाला पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्याचा चार महिन्यांचा पगार थकला होता. पेपरात मात्र वाचत होतो की परदेशातले क्लब रिकाम्या स्टेडियममध्ये खेळून राहिलेत आणि तरी एकेका खेळाडूसाठी कोटी कोटी मोजून राहिलेत. इकडे आमच्या जाळीला गाठ मारायला सुतळी नव्हती. खेळाडूलाही भाव असतो, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासूनच वळवळायला लागला.

आमचा स्ट्रायकर चोवीस वर्षांचा होता, छत्तीसगढी घरातला. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवायचा. ट्रक थांबले तशी ती मजुरीही गेली. घरी बायको आणि तीन महिन्यांची मुलगी. तो मैदानावर यायचा तेव्हा मी बघायचो, प्रॅक्टिसनंतरची केळी तो खायचा नाही, खिशात घालून घरी न्यायचा.

अशात सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्याचा मॅनेजर अध्यक्षांच्या घरी आला. अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, साधा माणूस. मॅनेजर ओसरीवरच उभा राहिला, मास्क हनुवटीवर. त्यांचे शेठ फुटबॉलची टीम उभी करत होते, त्यांना आमचा स्ट्रायकर हवा होता. क्लबाला वीस हजार रुपये रोख, आणि पोराला कारखान्याच्या टाइम ऑफिसात पक्की नोकरी. हजेरी लिहायची, महिन्याला पगार, आजारपणाला दवाखाना. आम्ही फक्त ना-हरकत पत्रावर सही करायची होती.

"जल्दी कर दीजिए," तो म्हणाला. "आधे मजदूर गाँव भाग गए हैं. सेठजी को आदमी अभी चाहिए."

अध्यक्ष पेन शोधायला उठले. मी म्हणालो, "थांबा. एकाच भावावर कसं द्यायचं? तीन कोटेशनं मागवू."

अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. "अरे बाबा, माणूस आहे तो, भंगार नाही."

"भंगार विकतानासुद्धा आपण तीन भाव घेतो," मी म्हणालो. "उद्या कोणी म्हणालं, खजिनदारानं पोरगा स्वस्तात फुंकला, तर?"

मी इतक्या ठसक्यात बोललो की ते परत बसले. त्यांना नियमातलं कळत नव्हतं आणि मला नियमापलीकडचं.

मग मी शहरातल्या दोन क्लबांना पत्रं पाठवली. दर बंद लिफाफ्यात, क्लबाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. एकानं मोबाईलवर मेसेज करून भाव कळवला तर मी कळवलं, असा भाव धरला जाणार नाही. त्याचे लेटरहेड संपलेले, छापखाना बंद. त्यात शहर पुन्हा आठवडाभर बंद झालं. मॅनेजरचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, "प्रक्रिया चालू है."

स्ट्रायकर स्वतः एकदा घरी आला. फाटकाबाहेर उभा राहून विचारलं, "भैया, मेरा कागज?" मी त्याला कोटेशन म्हणजे काय ते फाटकापाशीच समजावलं. हे त्याच्याच भल्याचं आहे, उद्या त्याच्याकडे कोणी बोट दाखवायला नको, वगैरे. तो मन लावून ऐकत होता. सरकारी माणूस बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "हव भैया," म्हणत मान हलवून गेला.

तो गेल्यावर बायको आतून बाहेर आली. "काहून त्या पोट्ट्याले लटकवून ठेवलं तुमी? त्याच्या घरी दूध तरी येते का, पायलं का कधी?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी खेकसलो. तिनं भांडी अशी आपटली की शेजारी डोकावले.

अखेर लिफाफे आले. अध्यक्षांच्या ओसरीवर मी ते कात्रीनं उघडले. एका क्लबानं अकराशे रुपये आणि दोन वापरलेले बॉल देऊ केले होते. दुसऱ्यानं पैसेच नाहीत म्हणून गुडघा गेलेला एक डिफेंडर बदल्यात देतो म्हणून लिहिलं होतं! अध्यक्ष खो खो हसले. मी हसलो नाही. मी रेघा मारून तक्ता केला, तिन्ही भाव चढत्या क्रमानं लिहिले, सर्वोच्च दर मंजूर असा शेरा मारला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. असा सुबक कागद मी ऑफिसातही क्वचित केला असेल.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी स्वतः सिलतऱ्याला गेलो. गेटपाशी पोचेपर्यंत शर्टावर काळी धूळ बसली होती. मॅनेजर बाहेर आला, ना-हरकत पत्र आणि तक्ता दोन्ही नीट वाचले.

"कागज तो बहुत बढ़िया बना है, साहब," तो म्हणाला. "पर पंद्रह दिन रुके हम. परसों भिलाई से एक लड़का ले लिया. टाइम ऑफिस में भी वही बैठ गया."

मी म्हटलं दुसरं काही काम बघा, कुठलंही. पैसे नकोत क्लबाला, फुकट घेऊन जा. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी बिनकोटेशनचं बोललो. तो हात जोडून आत गेला.

परत येताना मी घरी जाऊ शकलो असतो. तुम्हीच सांगा म्हणून अध्यक्षांवर ढकलूही शकलो असतो, आणि मनात आलंही होतं. पण लाज इतकी वाटत होती की स्कूटर सरळ त्याच्या पाऱ्यात, त्याच्या वस्तीत, नेली. तो दारातच मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून उठला.

"आ गए भैया? कोटेशन खुल गया?"

"खुल गया."

"सबसे ऊपर कितना गया?"

"बीस हजार."

त्याचा चेहरा उजळला. आत वळून बायकोला म्हणाला, "सुनथस? बीस हजार!" आपल्याला कोणी एवढ्याला मागितलं, याचाच त्याला आनंद झाला होता. त्यातला एक रुपयाही त्याचा नव्हता. मुलीला त्यानं वर उचललं, खाली घेतलं आणि मला विचारलं, "तो ड्यूटी कब से है?"

मी सांगितलं. पंधरा दिवस, भिलाईचा मुलगा, टाइम ऑफिस, सगळं. चूक माझी आहे, हेही म्हणालो. त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा शिवी देईल, आणि द्यावीच असं वाटत होतं.

"धूप में आए हो भैया, बैठो," तो म्हणाला. "पानी लाता हूँ."

तो आत गेला. मडक्यात लोटा बुडाल्याचा आवाज आला आणि मग त्याचा, अगदी हळू, बायकोला सांगतानाचा.

"नौकरी नइ लगिस ओ."