विसराळू यंत्र

हेमलता निरभवणे नाशिकरोडच्या एका ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवायची. स्वस्थ बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भाजी फोडणीला टाकतानाही बोटं ओट्यावर ताल धरायची. २००४ साली तिने मुंबईच्या एका वादकाकडून जुना सॅम्पलर घेतला. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि बटणांवर बोटं मारून तो वाजवायचा, असं ते यंत्र.

पहिल्याच दुपारी तिने माइकपुढे बसून ढोलकच्या थापा भरल्या. त्यातली एक अशी घुमली, की तिच्या अंगावर काटा आला. ती तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिली. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. संध्याकाळी वीज आली, तेव्हा यंत्र मुकं झालं होतं.

तिने मुंबईला फोन लावला.

"फ्लॉपीवर उतरवून ठेवलं नाहीत का?" वादकाने विचारलं. "बंद पडलं की ते सगळं विसरतं."

मग आठवडाभर तिची नुसती घालमेल. वाजवायची, ऐकायची, पुसून टाकायची. तशी थाप काही परत लागेना.

"मला तर सगळ्या सारख्याच वाटतात," नवरा प्रकाश म्हणाला.

"तुला वाटणारच," म्हणत तिने ढोलकची दोरी आणखी ताणली.

रविवारी मात्र ती कंटाळली. मिळेल ती थाप घेऊन तिने ठेका बांधायला घेतला. बोटं आधी अडखळली, मग सरावली. पेपर वाचणाऱ्या प्रकाशचा पाय आपोआप हलू लागला. तिने ते पाहिलं, पण वाजवणं थांबवून आधी फ्लॉपी आत सरकवली. फ्लॉपीची खरखर संपेपर्यंत हेमलता वरच्या फिरत्या पंख्याकडे बघत राहिली.

"हं," मग ती म्हणाली, "आता ऐक."