खलासचा रकाना

मानवी संस्कृतीचा इतिहास हा शोधाचा इतिहास आहे. हे वाक्य माझं नव्हे. आमच्या कंपनीच्या नव्या सर्चचं उद्घाटन ठरलं होतं, त्या समारंभाच्या पहिल्या स्लाइडवर ते सोनेरी अक्षरांत होतं. आम्ही नळ, शॉवर आणि कमोड विकतो.

ऑफिस आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये; गोदाम तिथूनच जवळ, अल क्वोजला. सेल्सची माणसं दिवसभर गोदामाला एकच प्रश्न विचारत: अमुक माल आहे का? व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो पडायचा, खाली कुणीतरी 'इन्शाल्ला' लिहायचं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं. यावर उपाय म्हणून मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, क्लाउडवरची सर्च सेवा घेतली. सर्व्हर आपले नाहीत, त्यांची देखभालही आपल्याकडे नाही. आपण फक्त गोदामाचा डेटाबेस तिला जोडून द्यायचा. ती त्याची स्वतःपुरती एक प्रत करून ठेवते आणि विचारल्याबरोबर त्या प्रतीतून उत्तर देते. "टू क्लिक्स, मॅडम. दॅट्स ऑल," असं ती सेवा विकणारा सल्लागार म्हणाला होता. त्या दोन क्लिकांच्या मधे माझा सगळा उन्हाळा गेला.

सल्लागाराची कंपनी माझं, म्हणजे डेटाबेस सांभाळायचं, काम घ्यायला टपलेली होती आणि ते कुणी लपवतही नव्हतं. आमचे मॅनेजर पुण्याचे, त्यामुळे वाईट बातमी मला शुद्ध मराठीत मिळाली. "गुरुवारी उद्घाटनात पाहुण्यांसमोर सर्च चुकला, तर पुढचं सगळं ते लोक बघतील. तुमची पोस्ट राहणार नाही."

आमच्या घरात व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. नवऱ्याचा आणि मुलीचा त्यालाच टांगलेला. मुलगी दहावीत. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात तिनं फ्रिज उघडा ठेवून विचारलं, "आर वी मूव्हिंग, मम्मा?"

"नाही. आणि फ्रिज बंद कर."

सोमवारी मी चाचण्या घेत होते. एक शॉवर शोधला, तो 'शिल्लक' म्हणून आला. खात्री करायला गोदामात फोन लावला. तिथले प्रमुख वसईचे, निवृत्तीला टेकलेले. मी त्यांना अंकल म्हणते, ते मला बाय म्हणतात.

"तो शॉवर? तो ईस्टरच्या आधीच संपला, बाय."

"मग डेटाबेसमध्ये शून्य का नाही?"

"शून्य ठेवतच नाही आम्ही. ओळच उडवतो."

"का पण?"

"शून्य दिसलं की मोठे साहेब फोन करतात. ओळच नसली तर फोन कशाला करतील?"

दोष कुठे होता ते तेव्हा कळलं. सर्च दर तासाला डेटाबेसकडे येऊन विचारत होता, काय बदललं? बदललेल्या ओळी हात वर करायच्या. पुसलेली ओळ हात वर करत नाही. त्यामुळे गोदामातून गेलेला माल क्लाउडमध्ये सुखानं नांदत होता. मालकांची नजर चुकवायला काढलेल्या पळवाटेनं क्लाउडलाही सहज फसवलं होतं.

सल्लागाराला हे सांगितलं. तो जराही हलला नाही. "सिंपल. गुरुवारी पहाटे सगळी प्रत पुसून नव्यानं बनवा. कार्यक्रमात सगळं करेक्ट दिसेल."

"आणि शुक्रवारी?"

"फ्रायडे इज अ हाफ डे, मॅडम."

मी ठरवलं, दुरुस्त करायचं तर शुक्रवारसाठीसुद्धा करायचं. मंगळवारी अल क्वोजला गेले. जाण्याआधी डेटाबेसमध्ये एक नवा रकाना घातला होता, 'खलास' नावाचा. गोदामात सगळ्यांना कळेल असं दुसरं नाव सुचलं नाही.

"अंकल, यापुढे ओळ उडवायची नाही. माल संपला की इथं टिक करायची. टिक दिसली की सर्च तो माल आपल्या प्रतीतून काढून टाकेल."

"आणि साहेबांच्या स्क्रीनवर?"

"टिक केलेली ओळ त्यांना दिसणार नाही. तशी सोय केलीय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे मशीनला खरं सांगायचं, साहेबांना नाही."

"हो."

"मग चालेल. पण बाय, सवय जुनी आहे. बोट आपोआप डिलीटवर जातं."

"बोटाला सांगा माझी मुलगी दहावीत आहे."

परत येऊन सर्चची सगळी प्रत नव्यानं बांधली. बुधवारी दिवसभर एकेक माल तपासला. सगळं जुळलं. पुढचं अंकलच्या बोटावर होतं.

गुरुवारी दुपारी हॉटेलचा हॉल, निळे दिवे, धूर सोडणारं एक यंत्र. सल्लागारानं स्लाइड वाचून दाखवली. मग मोठे साहेब स्टेजवर आले आणि कुणाचंही न ऐकता स्वतः टाइप करू लागले: सोन्याच्या मुलाम्याचा नळ. आमचा सर्वांत मिरवण्यासारखा माल. मी निश्चिंत होते; बुधवारी पाहिलं तेव्हा एक शिल्लक होता.

स्क्रीनवर आलं: काहीही सापडलं नाही.

धुराचं यंत्र तेवढं फुसफुसत राहिलं. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. सल्लागार पुढे सरसावला, "सर, आमची टीम लगेच..."

"रुको," मोठे साहेब म्हणाले. "बराबर है. लास्ट पीस आज सुबह मेरा ड्रायव्हर ले गया. मेरे बाथरूम में लग गया." मग पाहुण्यांकडे वळून, "देखा? मशीन को पता है!"

टाळ्या पडल्या. काहीही न सापडल्याबद्दल इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. बाहेर येऊन अंकलना फोन केला.

"टिक केलीत?"

"केली ना. बोट डिलीटवर गेलं होतं. मग तुझी दहावी आठवली."

माझी पोस्ट राहिली. सल्लागार दुसऱ्या कुणाच्या तरी इतिहासाकडे वळला. पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या घरून फोन आला: त्या नळाचा वॉशर शोधा, नळ गळतोय. मी शोधला. तो आमच्याकडे नव्हता.