डॉलर, कंस, टक्का, कंस, चांदणी

माणिकराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नव्या शेजाऱ्यांना माझ्या प्रबंधाविषयी सांगत होतो. मी सगळ्यांनाच सांगतो. घरची माणसं त्या वेळी उठून जातात. आठवडी बाजारांवरचा प्रबंध, आणि त्यावर परीक्षकांचा शेरा, तपशिलात एकही चूक नाही! तीस-पस्तीस वर्षं मी त्या शेऱ्यावर मिरवलो. फोन ठेवला आणि या वेळी मीच उठून गेलो...

माणिकराव मूळचे ताडकळसचे. परभणीत त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि तिथे एक कॉम्प्युटर, रोज सकाळी उदबत्ती ओवाळलेला. मी जिंतूरला कॉलेजात मास्तर. पहिलं प्रकरण तेवढं आधी हाताने लिहून मग टाइप केलं, बाकीचा प्रबंध ऐटीत थेट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. तिथे प्रिंटर नव्हता, म्हणून फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालून एसटीने परभणीला आणली. माणिकरावांनी ती मशीनमध्ये सरकवली आणि पडद्यावर उमटले नुसते डॉलर, कंस, टक्के. दोन्ही मशीनची मराठी एकमेकींना ओळखच देईना.

“सर, तुमी लिवलंय झकास,” माणिकराव म्हणाले, “पन हे वाचायचं कुनी?”

प्रबंध द्यायला चार दिवस उरलेले. नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद झालेली, परत जिंतूरला जायची सोय नाही. मी डोकं धरून बसलो. माणिकरावांनी ते सगळं डॉलरपुराण कागदावर छापलं, माझ्या पिशवीतलं हस्तलिखित प्रकरण शेजारी ठेवलं आणि खुणेसमोर अक्षर लावत गेले. संध्याकाळपर्यंत कोष्टक तयार. ‘बाजार’ म्हणजे डॉलर, कंस, टक्का, कंस, चांदणी. मग तीन दिवस मी वाचत होतो, ते टाइप करत होते. मधूनच थांबायचे. “सर, तुमी च्या घेऊन या. मी हितं जरा बघायलोय.” मला वाटायचं, बोटं दुखत असतील.

शेवटी शेवटी दोघांनाही कोष्टक लागेना. पुढे रस्त्यात भेटलो तरी रामराम नाही. ते पलीकडून ओरडायचे, “डॉलर कंस!” मी अलीकडून, “टक्का कंस चांदणी!” लोक जपून बाजूला व्हायचे.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी देवघरातून हळदकुंकू लावलेला एक कागद आणला. माणिकरावांचं अक्षर, पण सगळ्या खुणाच खुणा.

“ह्यांच्या टेबलात जपून ठिवलेला होता. मंत्र हाय का हो, भाऊजी?”

ती लिपी येणारा जगात आता मी एकटाच. मोठ्याने वाचायला लागलो. ‘सरांच्या चुका, दुरुस्त केलेल्या.’ पुढे अकरा चुका. बोरीच्या बाजारातली मापं उलटी लिहिलेली. ताडकळसच्या बाजाराचा तर वारच चुकलेला... ‘माझं गाव ते!’ असं कंसात. इथेच थांबावं, मंत्रच आहे म्हणून सांगावं, असं मनात आलंही. माझी सगळी मिरवणूक त्या कागदापाशी थांबली होती. पण वाचत राहिलो. शेवटची ओळ होती, ‘सरांना सांगू नये. लय खूश हायेत.’

मला रडू आवरेना. वहिनींनी कागद माझ्या हातून काढून घेतला.

“मंग मंत्रच की,” म्हणाल्या, आणि परत देवघरात ठेवून आल्या.