खिशात राहिलेला साबण

गेल्या आठवड्यात माझी नात मित्रमैत्रिणींबरोबर मोटारसायकलवरून महाबळेश्वरला निघाली. डिसेंबरचे दिवस. हेल्मेटची काच माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "आजोबा, पहाटे घाटात ही आतून धुरकटते. काही म्हणजे काही दिसत नाही."

मी मोरीतून कपड्यांच्या साबणाची वडी आणली. काच कोरडी करून आतल्या बाजूनं बोटबोट अंतरावर रेघा ओढल्या आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं रेघा दिसेनाशा होईपर्यंत घासलं. मग तिला काचेवर तोंडानं वाफ सोडायला सांगितली. वाफ धरली नाही.

"भारी! कोणी शिकवलं?"

"असंच. गॅरेजमध्ये होतो तेव्हा."

ती गेली आणि मला माझाच राग आला. साठ वर्षांनी मी पुन्हा तेच केलं होतं. नाव घ्यायची वेळ आली आणि गिळून टाकलं. म्हणून हे लिहायला बसलो. गॅरेजातल्या दुरुस्तीच्या जॉबकार्डांशिवाय मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा नीट जमेल असं नाही. पण नाव आधी लिहितो. बुधाजी गमरे. राहणार डिलाईल रोड, बीडीडी चाळ.

परळला सीतारामशेटचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. बुधाजीदादा तिथला मुख्य मेस्त्री आणि मी, वरळी कोळीवाड्यातला तुळशीदास, त्याच्या हाताखालचा फिटर. मी बावीस वर्षांचा, तो पस्तिशीचा. लढाईच्या काळात तो पलटणीत होता. क्वेट्ट्याकडच्या थंडीत मोटारसायकलवरून टपाल नेण्याचं काम त्यानं तीन वर्षं केलेलं. इंजिनचा आवाज ऐकून तो रोग सांगायचा, आणि गाडीचा मालक वाद घालायला लागला तर हातातला पाना त्याच्यापुढे धरून म्हणायचा, "घ्या, तुम्हीच करा. मी चहा पिऊन येतो."

छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईसाठीच्या मोर्चात त्याच्या पाठीवर लाठी बसली होती. पाठीवर काळानिळा पट्टा घेऊन दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. सीतारामशेटनं सगळ्यांना बोलावून ती पाठ दाखवली होती. "ही बघा, आपल्या गॅरेजची पाठ!" शेटला तेव्हा फार अभिमान वाटला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सत्तावन्न सालचा नोव्हेंबर. पंतप्रधान प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते; त्यांना काळी निशाणं दाखवायला सगळीकडून माणसं निघाली होती. आमच्या गल्लीत मुंबईसह महाराष्ट्राच्या चळवळीसाठी एक मंडळ होतं. दादरचे विठोबाअण्णा त्याचे पुढारी. मंडळानं ठरवलं की वाईच्या कार्यकर्त्यांकडे निशाणं आधीच पोचवायची. पोलीस मोटारी, ट्रक अडवतील अशी कुजबुज होती, म्हणून मोटारसायकल. निशाणं शिवली बुधाजीदादाच्या बायकोनं, कमलावहिनीनं. चाळीतल्या चारजणी हाताशी घेऊन तिनं दोन दिवसांत दोनशे शिवली.

गाडी कोणी न्यायची? घाटात गाडी चालवलेला माणूस एकच होता, बुधाजीदादा. पण विठोबाअण्णांच्या धाकट्या भावाकडे, दत्तारामकडे, स्वतःची बीएसए मोटारसायकल होती, चामड्याची टोपी होती, गॉगल होता. मंडळानं दत्तारामला निवडलं. मागे गठ्ठा धरायला मी. बुधाजीदादा एवढंच म्हणाला, "बरं. गाडी मी तयार करून देतो."

निघायच्या दिवशी दुपारी त्यानं बीएसए नटानटानं तपासली. शेवटी गॉगल घेतला. कोरड्या काचांना आतून साबण ओढला, फलालीनच्या तुकड्यानं घासला, मग तोंडाजवळ धरून 'हा' करून वाफ सोडली आणि पुन्हा घासलं. तेवढ्यात दत्ताराम आत आला.

"काय रे बुधाजी, थुंकलास काय त्याच्यावर?"

बुधाजीदादानं मानही वर केली नाही. "थुंकायला मला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत, दत्तारामभाऊ."

गॅरेजभर हशा पिकला. दत्तारामही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. तो टोपी बसवायला आरशाकडे गेला तसं बुधाजीदादानं मला जवळ ओढलं.

"तुळशा, ऐक. साबण दिसता कामा नये, पण असला पाहिजे. काचेला पाणी लागलं की गेला, परत लावायचा. आणि त्याला सांग, मफलर नाकाखाली बांध. नाकावर बांधलास तर श्वास वर काचेत चढतो." साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या खिशात कोंबला. "हा ठेव. पहाटे घाटात शिरायच्या आधी पुन्हा एकदा घास. विसरू नको."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर आज एवढी आग झाली नसती.

खंडाळ्याला संध्याकाळ झाली. वारा असा की बोटं हँडलला चिकटावीत. काच मात्र लख्ख. दत्ताराम ओरडून म्हणाला, "काय मस्त दिसतंय रे!" मीही ओरडलो, "बुधाजीदादाची करामत आहे!" त्यानं एकदम गाडीचा वेग वाढवला.

रात्री पुण्यात त्याच्या मावशीकडे मुक्काम. त्याचं पान आत, माझं ओसरीवर. मला त्याचं काही वाटलं नाही असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. जेवता जेवता दत्तारामनं गंमत म्हणून सांगितलं, "आमचा मेस्त्री काचेवर थुंकतो. म्हणून ती धुरकटत नाही."

मावशीचा हात थांबला. "शी! आणि ते तू डोळ्यांना लावतोस? कुणाचा रे तो?"

"डिलाईल रोडचा."

"राहायचं नाही विचारलं मी. कुणाचा?"

दत्तारामनं खाली बघून भाकरीचा तुकडा मोडला. मावशी समजली. "सकाळी आधी ते धुऊन टाक. राखेनं घास, मग कढत पाण्यानं."

साबण माझ्या खिशात होता. मांडीला टोचत होता. 'मावशी, थुंकी नाही, साबण आहे, हा बघा,' एवढं म्हणायचं होतं. सात शब्द. तोंडात त्यांची भाकरी होती. मध्येच बोललो तर माझ्याबद्दलही विचारतील, ओसरीवरूनही उठवतील, अशी भीती वाटली. मी भाकरी गिळली आणि पाणी प्यायलो.

पहाटे दत्तारामनं नळाखाली बसून तो गॉगल राखेनं घासला, बंबातल्या पाण्यानं धुतला, पुसला, उजेडात धरून पाहिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तो म्हणाला, "आता झाला स्वच्छ." मी म्हणालो, "हो."

शिरवळ सोडलं आणि खंबाटकीच्या घाटाला लागलो. दत्तारामनं मफलर नाकावरून घट्ट आवळला होता. तो नाकाखाली बांधायला सांगायचं होतं, तेही मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वळणावर त्यानं हातमोज्यानं काच पुसली. पण वाफ आतून होती, बाहेरून पुसून काय होणार? तिसऱ्या वळणावर गॉगल कपाळावर चढवला. वाऱ्यानं डोळ्यांतून धारा लागल्या, म्हणून पुन्हा खाली ओढला. मी त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणालो, "थांबूया का?"

"गप बस! उशीर होतोय."

रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. मला तो त्याच्या खांद्यावरून स्पष्ट दिसला. त्याला दिसला नाही.

त्याचा गुडघा फुटला. माझं डावं मनगट मोडलं. एका ट्रकवाल्यानं आम्हाला शिरवळच्या दवाखान्यात आणलं. गठ्ठ्यातलं एक निशाण फाडून त्यानं माझा हात गळ्यात बांधला. कमलावहिनीच्या हातची शिवण माझ्या मानेला लागत होती. निशाणं वाईला पोचली नाहीत.

पंधरा दिवसांनी मंडळाची बैठक गॅरेजातच भरली. दत्ताराम इस्पितळात होता. विठोबाअण्णा बाकावर मध्यभागी. ते हळू, विचारपूर्वक बोलायचे, त्यामुळे ते बोलतात ते खरंच असणार असं वाटायचं.

"दत्ताराम म्हणतो, काचेला काहीतरी फासलं होतं. त्यामुळे दिसेना झालं. मी कोणावर आरोप करत नाही. पण एवढ्या मोठ्या कामाच्या वेळी काचेला काय लावलं, हे मंडळाला कळायला हवं."

"साबण," बुधाजीदादा म्हणाला. "सगळ्यांसमोर लावला. खंडाळा त्याच काचेनं पार झाला की नाही?"

"खंडाळ्याचं कोणी पाहिलं?"

"तुळशानं पाहिलं. मागे तोच होता."

सीतारामशेट माझ्याकडे वळले. "बोल तुळशीदास. पोरा, घाबरू नको. काय झालं?"

गॅरेजात दहा-बारा माणसं होती. कोणीतरी पान्यानं बाकड्यावर टकटक करत होतं, तेही थांबलं. बुधाजीदादानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. मी खरं बोलणार याची त्याला खात्री होती, म्हणून तो नुसता वाट बघत होता. तीच खात्री मला आजही झोपू देत नाही.

मी म्हणालो, "मी मागे होतो. मला नीट दिसलं नाही."

विठोबाअण्णांनी मान हलवली. सीतारामशेट जमिनीकडे बघत म्हणाले, "बुधाजी, काही दिवस तू येऊ नकोस. वातावरण जरा निवळू दे."

त्या बैठकीत जातीचा एक शब्दही कोणी उच्चारला नाही. उलट विठोबाअण्णा म्हणाले, आपण सगळे एक आहोत, मुंबई आपल्या सगळ्यांची आहे. मला तेव्हाही त्याची चीड आली होती, पण ती चीड मी खिशात ठेवली, साबणाशेजारी. लाठी खाल्लेली पाठ दाखवायला चालत होती. घासलेली काच डोळ्याला चालत नव्हती.

बुधाजीदादानं अंगातला कामाचा डगला काढून खुंटीला लावला. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"साबण दे माझा."

"काय?"

"साबण. घरी कपडे धुवायला लागतो."

काहीजण हसले. पंधरा दिवस खिशात तशीच बाळगलेली पुडी मी उजव्या हातानं काढून दिली. त्यानं सगळ्यांसमोर कागद उलगडला. तुकडा दिला तसाच्या तसा होता, कडासुद्धा झिजल्या नव्हत्या. त्याला सगळं कळलं. तुकडा त्यानं थोडा वेळ तळहातावर धरून ठेवला. ज्याला बघायचं त्यानं बघावं म्हणूनच धरला असणार, पण कोणी बघितलं नाही. मग कागद पुन्हा नीट गुंडाळून तो निघून गेला.

काही दिवसांचे कायमचे झाले. पुढे परळच्या एका इस्पितळात तो रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर झाला आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. मला ते इतरांकडून कळत गेलं. त्याच्या चाळीवरून जायचं टाळण्यासाठी मी वर्षानुवर्षं लांबच्या रस्त्यानं गॅरेजला गेलो.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागला माणसांचा समुद्र लोटला होता. गर्दीत तो अचानक समोर आला. कमलावहिनी बाजूला, खांद्यावर धाकटी मुलगी. मी वळायच्या आत त्यानं हाक मारली.

"काय तुळशा, मनगट कसंय?"

"बरं आहे."

"थंडीत दुखत असेल."

"दुखतं."

"दुखणारच," तो म्हणाला आणि मुलीला गुलाल उधळायला उंच धरलं. कमलावहिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचं बरोबर होतं. मला वाटतं तिनं शिवी दिली असती तर मी त्याच जागी सगळं ओरडून सांगितलं असतं. पण हीसुद्धा सबबच. मला शिवीची वाट बघायची गरज नव्हती. पुढे सव्वीस वर्षं तो जिवंत होता आणि बसनं मला वीस मिनिटांवर होता.

परवा रविवारी नात परत आली. हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाली, "आजोबा, सगळ्यांच्या काचा धुरकटल्या, माझी नाही! मग थांबून सगळ्यांनी साबण लावला. मी सांगितलं, माझ्या आजोबांचा शोध आहे."

"माझा नाही," मी म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की आतून सून बाहेर आली.

मग मी तिला सगळं सांगितलं. मला बरं वाटावं असं ती काही बोलली नाही. तिनं विचारलं, "साबण खिशातच होता?"

"होता."

"आणि तुम्ही तो काढलाच नाहीत?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो असावा असंच मला वाटलं. मग तिनं फोन काढला. "बरोबर आलेल्या सगळ्यांना लिहिते. नाव नीट सांगा. आडनावासकट."

"बुधाजी गमरे."

तिनं लिहिलं. पाठवणार तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. अजून लिही. दत्ताराम पडला तो साबणामुळे नाही. त्यानं काच राखेनं धुतली म्हणून पडला. मी तिथं उभा होतो. मी पाहिलं."

तिनं तेही लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात चूक नव्हती. हे मी सीतारामशेटच्या गॅरेजात बोलायला हवं होतं, बुधाजीदादा साबण मागायला हात पुढे करून उभा राहायच्या आधी.