माडीवरची जाळी

आज सुतारानं माडीवरच्या लाकडी जाळीला तेल लावलं आणि त्या वासासरशी मी दहा वर्षांची झाले.

आमचं घर आजोबांनी संस्थानच्या काळात बांधलं. खाली पुरुषांची बैठक, वर ही सागवानी जाळी. बायकांनी तिच्याआडून बघायचं, ऐकायचं, पण आवाज काढायचा नाही, अशी घरची रीत होती. आता घर बघायला लोक येतात. पुतण्या त्यांना कौतुकानं सांगतो, "बायकांची केवढी सोय केलीया बघा!"

मी चौथी पास झाले त्या मे महिन्यात गुरुजी घरी आले होते. माझ्या वडिलांना म्हणाले, "आबा, पोरगी हुशार हाय. पाचवीला धाडा की."

आबा हसले. "भाकऱ्या काय भूगोलावर भाजायच्यात व्हय?"

"मग तिलाच इचारा की."

आबांनी मान वर केली. "काय गं, शिकायचंय का तुला?"

मी जाळीला नाक लावून उभी होते. सागवानाला नुकतंच तेल लावलेलं होतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आईनं मला अडवलं नाही, डोळेसुद्धा वटारले नाहीत. पण गुरुजी झाले तरी खाली परका पुरुषच बसला होता. मी गप्प राहिले.

"बघा, तिलाच नको हाय," आबा म्हणाले. "च्या घ्या."

कितीतरी वर्षं मी माझ्या लाजाळूपणालाच दोष दिला. आता कळतं, मी तिथून बोलणार नाही हे आबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं.