दोन शाळांची एक गाय

उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या एका गावात मी नाटक शिकवते. दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कालव्याच्या अलीकडे गोऱ्या मुलांची शाळा होती आणि पलीकडे आपल्या, म्हणजे आशियाई मुलांची. तसा नियम कुणी केला नव्हता. घरंच तशी वसली होती. मग कौन्सिलने दोन्ही बंद करून एकच नवी शाळा काढली. पहिल्या टर्मला मुलं डायनिंग हॉलमध्ये दोन भिंतींना धरून जेवायची. मधली टेबलं रिकामी चकाकत असायची.

म्हटलं, बघतेच! ख्रिसमसच्या पॅन्टोमाइममध्ये, म्हणजे इथल्या नाचगाण्यांच्या धमाल नाटकात, गाय लागतेच. पोटावर बटणांनी जोडलेला एकच पोशाख, आत दोघी. एक मुलगी पुढचे पाय. दुसरी मागचे, तिने वाकून पुढचीची कंबर धरायची. मी कालव्याच्या अलीकडची एक निवडली, पलीकडची एक.

"मिस, मागे मीच का?" पलीकडची म्हणाली.

"कारण तुला नाचता येतं. हिला नुसते डोळे मिचकावायचेत."

"मिस!" पुढची किंचाळली.

पण मागच्या पायांचे वडील मला भेटायला आले. टॅक्सी चालवायचे. म्हणाले, "लहानपणी आम्हाला बसमध्ये भरून लांबच्या गोऱ्या शाळेत पाठवायचे. मिसळावं म्हणून. मी रोज मार खाल्ला. ख्रिसमसनंतर हिला इथून काढतोय."

माझ्यासारखी बडबडी, पण तोंडातून एवढंच निघालं, "प्रयोगाला तरी या."

आले. हाताची घडी घालून, दाराजवळच्या खुर्चीत.

पहिल्या रांगेत माझी आई होती, पुण्याहून आलेली, साडीवर माझा जाड कोट चढवून. गाय नाचत नाचत प्रेक्षकांतून निघाली, तशी आई उठली. भक्तिभावाने तिने शेपूट धरलं आणि कपाळाला लावायला ओढलं. पोटावरची बटणं तटातट तुटली! पुढचे पाय पुढे गेले. मागचे तिथेच राहिले, ओणवे, अख्ख्या गावासमोर. हॉल खदखदून हसला.

"आई, अगं काय करतेस!"

"अगं, गाय समोरून गेली, नमस्कार नको करू?"

दाराजवळचे वडील खुर्चीतून अर्धे उठले होते.

तेवढ्यात पुढचे पाय वळले. गाईचं डोकं काखेत मारून ती मुलगी परत आली. "चल, धर मला," म्हणाली, आणि मागचीचे दोन्ही हात ओढून आपल्या कमरेला लावले. मग त्या फाटक्या गाईने राहिलेला नाच केला, तोही असा ठसक्यात की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आईने. ओशाळणं तिला ठाऊकच नाही.

पडदा पडल्यावर वडील विंगेत आले. लेकीच्या कपाळाला चिकटलेले घामट केस त्यांनी हळूच मागे सारले.

"पुढच्या वर्षी हिला पुढचे पाय द्यायचे," ते म्हणाले. "आणि तुमच्या आईंना शेवटच्या रांगेत बसवा."